वाड्यातला भाडेकरू आणि अकरा महिन्यांचा करार : नाशिकच्या भाडेकरारांची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये आज दोन प्रकारचे भाडेकरू आहेत. जुन्या गावात, तिवंधा, रविवार कारंजा, भद्रकालीच्या बोळांत आजोबांच्या काळापासून त्याच दोन खोल्यांत राहणारी कुटुंबं आहेत. त्यांच्याकडे करार नसतो, भाडेपावत्यांची जुनी चळत असते. दुसरीकडे इंदिरानगर, पाथर्डी फाटा, सातपूर, गंगापूर रोडला दर अकरा महिन्यांनी नवा करार करणारे नोकरदार आणि विद्यार्थी. शहर एकच, कायदाही एकच; पण दोघांचे हक्क इतके वेगळे आहेत की एकाचा सल्ला दुसऱ्याला लावला तर नुकसानच होतं. हा फरक कसा पडला, ते समजून घ्यायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

पहिल्या महायुद्धात मुंबईत घरांची टंचाई झाली, भाडी भडकली आणि १९१८ मध्ये मुंबई प्रांतात भाड्यांवर पहिलं नियंत्रण आलं. दुसऱ्या महायुद्धात तेच पुन्हा घडलं. त्यातून १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला. नाशिक मुंबई प्रांतातलं, त्यामुळे इथल्या घरमालक-भाडेकरूंच्या पुढच्या पिढ्या याच कायद्याखाली नांदल्या. १ सप्टेंबर १९४० रोजी घर ज्या भाड्याने दिलेलं होतं, तेच त्याचं प्रमाण भाडं ठरलं, म्हणजे त्याहून जास्त मागता येईना. भाडं भरणाऱ्या माणसाला मनात आलं म्हणून बाहेर काढता येणार नाही, हेही ठरलं. त्या काळात हे संरक्षण अत्यंत गरजेचं होतं. नाशिकरोडच्या छापखान्यांनी नोकरीला आणलेली माणसं होती, फाळणीनंतर देवळालीला आलेली सिंधी कुटुंबं होती. डोक्यावरचं छप्पर मालकाच्या लहरीवर असतं, तर या माणसांनी काय केलं असतं?

अडचण झाली ती वेगळ्याच कारणाने. कायदा तात्पुरता म्हणून आला, त्याला वारंवार मुदतवाढ मिळत गेली आणि १९४० चं भाडं तसंच गोठून राहिलं. घरं भाड्याने द्यायला मालक धजेनात. पागडी, म्हणजे घर देताना भाड्याशिवाय एकदम घ्यायची मोठी रक्कम, सुरू झाली. भाडेकरू ठेवण्याऐवजी ‘लिव्ह अँड लायसन्स’ची वाट काढली गेली, म्हणजे ताबा मालकाचा, राहण्याची फक्त परवानगी. मग १९७३ मध्ये दुरुस्ती झाली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारावर राहत असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. त्यांना दिलासा मिळाला, मालकांचा धसका मात्र आणखी वाढला.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटलं, की गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या आहेत. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ झाला. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. मुंबई, विदर्भ आणि मराठवाड्याचे तीन वेगवेगळे कायदे त्यात एकत्र आले. मालकाला वर्षाला ४ टक्के भाडेवाढ मिळाली. भाडेकरूचं संरक्षण राहिलं: भाडं थकलं तरी लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबल्याशिवाय मालकाला दावा लावता येत नाही, भाड्याची पावती देणं बंधनकारक आहे, सबळ कारणाशिवाय पाणी-वीज तोडता येत नाही. भाडेकरूच्या मृत्यूनंतर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जातो. भाडेकरूची जबाबदारीही स्पष्ट आहे. परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला, शेजाऱ्यांना उपद्रव दिला किंवा वाजवी कारण नसताना सहा महिने घर वापरलंच नाही, तर घर जाऊ शकतं.

मला सगळ्यात जास्त टोचते ती दुरुस्तीची तरतूद. घर नीट राखणं मालकाचं कर्तव्य आहे. त्याने ते केलं नाही, तर भाडेकरूने १५ दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. पण वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. वाड्यातलं भाडं महिना ३० रुपये धरा. वर्षाचे ३६०, त्याचा चौथा हिस्सा ९० रुपये. त्यात सिमेंटची एक गोणीही येत नाही, मग कुजलेली तुळई कशी बदलणार? मालक म्हणतो, एवढ्याशा भाड्यात मी काय करू. भाडेकरू म्हणतो, घर तुमचं, खर्च मी का करू. दोघांचंही खरं आहे, आणि मधल्या मध्ये भिंतीत पाणी मुरत राहतं. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, तरी माणसं हलत नाहीत. एकदा बाहेर पडलो की हक्क गेला, ही त्यांची भीती असते.

या भीतीचं उत्तर २०१४ मध्ये मिळालं आहे आणि ते प्रत्येक वाड्यात पोचायला हवं. शहा रतनसी खिमजी प्रकरणात, तेही महाराष्ट्रातलंच, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. भाडेपट्ट्यात जमीनही येते. म्हणून जीव धोक्यात घालून बसू नये. बाहेर पडण्यापूर्वी आपल्या खोल्यांचं मोजमाप लेखी नोंदवून घ्यावं, पावत्या जपाव्यात.

नव्या, म्हणजे ‘लिव्ह अँड लायसन्स’च्या करारांची गोष्ट सरळ आहे. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला १९०८ च्या नोंदणी कायद्याने नोंदणी सक्तीची केली. ती टाळायला अकरा महिने रूढ झाले. महाराष्ट्रात आता त्याचा उपयोग नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणी करून घेणं मालकाचं काम आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय वाद झाल्यास अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. मात्र मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. डिपॉझिटला हा कायदा मर्यादा घालत नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण राज्याने स्वीकारला तरच तो लागू होतो. तोवर डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार आणि रंगकामाचे पैसे कोण देणार, हे सही करण्याआधी करारातच लिहून घ्यावं.