मुंबईची एलिझाबेथ, युटाची टेट आजी: एका कुळशोधाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या युटात जाऊन वसलेल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतकारांच्या इतिहासात १८५६ चा विली काफिला हिमवादळामुळे ओळखला जातो. हातगाड्या ओढत निघालेल्या या सुमारे ५०० जणांत मुंबईत जन्मलेली एक स्त्री होती, एलिझाबेथ झेवियर टेट.

सुरुवात पुण्याची. ह्यू फिंडले हा मॉर्मन प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यातही गेला. छावणीतले गोरे शिपाई आणि त्यांची कुटुंबं हाच त्याचा मुख्य श्रोता. लष्करी अधिकाऱ्यांना ते रुचलं नाही. जे थोडे लोक पंथात आले त्यांत आयरिश वंशाचा शिपाई विल्यम टेट आणि त्याची बायको एलिझाबेथ होती. विल्यम मुलाला घेऊन आधी युटाला गेला. ती मागाहून तान्ह्या मुलीसह इंग्लंडकडे निघाली आणि ती मुलगी प्रवासात दगावली, असं वंशज सांगत आले आहेत.

पुढचा भाग कागदावर भक्कम आहे. तिचं ‘थॉर्नटन’ जहाज ४ मे १८५६ रोजी लिव्हरपूलहून सुटलं आणि १४ जूनला न्यूयॉर्कला लागलं. काफिला आयोवा सिटीहून १५ जुलैला हलला. हंगामाच्या मानाने फार उशीर, कारण गाड्या तयारच नव्हत्या. पाच जणांमागे एक गाडी, वीस जणांमागे एक तंबू, मोठ्या माणसाला १७ पौंड सामान. गाड्या ओल्या लाकडाच्या. कोरड्या हवेत लाकूड आकसून चाकं खिळखिळी होत, वाळूने आस झिजत. वंगण म्हणून साबण नाहीतर डुकराची चरबी लावली की तिला आणखी वाळू चिकटायची. वाटेतल्या फ्लॉरेन्स या मुक्कामी प्रत्येक हातगाडीवर ९८ पौंडांचं पिठाचं पोतं वाढलं. सप्टेंबरात सोबतच्या सामानाच्या गाड्यांचे काही बैल बिथरून पळाले तेव्हा त्या गाड्यांवरचं ओझंही माणसांवर आलं. १९ ऑक्टोबरला हिमवादळ आलं, तेव्हा पीठही संपत आलं होतं. २३ ऑक्टोबरला रॉकी रिज हा खडकाळ चढ चढून गेल्यावर दुसऱ्या दिवशी १३ जणांना एकाच खड्ड्यात पुरावं लागलं. ९ नोव्हेंबरला काफिला युटातल्या सॉल्ट लेक सिटीला पोहोचला. वाटेत सत्तरच्या आसपास माणसं दगावली. एलिझाबेथ वाचली आणि पुढे दक्षिण युटातल्या सीडर सिटीत नवऱ्यासोबत राहिली.

काफिल्यात तिचा माग काढायचा तर जहाजाच्या यादीवर थांबू नये. मंडळी शंभर-शंभरांच्या पाच तुकड्यांत विभागलेली होती. एकट्या बाईला गाडी आणि तंबू दुसऱ्या कुटुंबाबरोबर वाटून घ्यावा लागे, त्यामुळे तिचा उल्लेख भलत्याच घराण्याच्या आठवणींत सापडू शकतो.

अडतं ते मुंबईत. वंशजांच्या सांगण्यात ती उच्च जातीतल्या श्रीमंत घरची. झेवियर हे आडनाव मात्र ख्रिस्ती घराकडे बोट दाखवतं. अमेरिकेत गेल्यावर पूर्वज ‘राजघराण्यातले’ होण्याची खोड जुनीच, तेव्हा वजन आडनावाला द्यावं. तिथेही सावध राहायला हवं. ‘फ्रान्सिस्को झेवियर’ हे एकच बाप्तिस्म्याचं नाव असे आणि त्याचा दुसरा अर्धा भाग मुलांच्या मागे आडनाव म्हणून लागू शके. म्हणजे बापाची नोंद वेगळ्याच आडनावाखाली असू शकते.

म्हणून शोध नवऱ्याकडून सुरू करावा. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तरात, म्हणजे भारताच्या ब्रिटिश कारभाराच्या कागदांत, मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या चर्च-नोंदींच्या सरकारी प्रती एन/३ मालिकेत आहेत, तर मुंबई लष्कराचे कागद एल/एमआयएल/१२ मध्ये. तिथून पलटण कळली की लग्नाचं गाव आणि साल आवाक्यात येतं. लग्न कॅथलिक चर्चमध्ये झालं असेल तर सरकारी प्रतीत ते नसण्याचीही शक्यता धरावी. मग मूळ चर्चची वही बघायची आणि १७९४ पासून मुंबईतली कॅथलिक चर्चेस दोन सत्तांत वाटली गेली होती हे ध्यानात ठेवायचं: काही गोव्याच्या आर्चबिशपकडे, काही रोमने थेट नेमलेल्या व्हिकार अपोस्टोलिक या पोपच्या प्रतिनिधीकडे. एका बाजूच्या वह्यांत नाव नाही म्हणून शोध संपत नाही, दुसरी बाजूही तपासावी लागते.