बॅटलशिप आणि विनाशिका: दोघींनाही ‘युद्धनौका’ म्हटलं की होणारा घोळ

‘युद्धनौका कालबाह्य झाल्या’ असं मराठीत लिहिलं की पंचाईत होते. मग डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईत नौदलात दाखल झालेली आयएनएस मोरमुगाव काय मासेमारीला जाणार आहे? कालबाह्य झाली ती बॅटलशिप, म्हणजे जाड चिलखताची, प्रचंड तोफांची अवाढव्य युद्धनौका. मोरमुगाव ही विनाशिका, म्हणजे डिस्ट्रॉयर. आपण मात्र तोफा घेऊन तरंगणाऱ्या प्रत्येक जहाजाला युद्धनौका म्हणून मोकळे होतो.

गोव्यातल्या मुरगाव बंदराचं नाव असलेली ही विनाशिका माझगाव डॉकमध्ये बांधली. लांबी १६३ मीटर, वजन सुमारे ७,४०० टन. आता जपानची बॅटलशिप यामातो बघा. पूर्ण भारासह ७२,००० टनांच्या आसपास, ४६ सेंटिमीटर तोंडाच्या नऊ तोफा, आणि त्या तोफांच्या बुरुजांना समोरून ६५ सेंटिमीटर जाड पोलाद. ‘विनाशिका’ हे नाव जास्त भयंकर वाटतं खरं, पण तिचा जन्म राखणदार म्हणून झाला. १८९०च्या दशकात टॉर्पेडो (पाण्याखालून जाऊन फुटणारं अस्त्र) घेऊन अंगावर येणाऱ्या छोट्या बोटींना मोठ्या जहाजांपासून दूर ठेवायचं, एवढंच तिचं काम होतं. मालकीण गेली, राखणदारीण राहिली.

नौदल सप्ताहात जहाज बघायला गेलेल्या पोरांचा हिरमोड होतो तो इथेच. समोर ७६ मिलिमीटरची एकच तोफ. ब्रह्मोस कुठे आहे म्हणून विचारलं तर डेकमधली चौकोनी झाकणं दाखवतात. बॅटलशिपचं सगळं सामर्थ्य लांबूनच डोळ्यात भरायचं. विनाशिकेचं झाकणाखाली असतं.

बॅटलशिपच्या तोफांची एक अडचण सहसा कुणी सांगत नाही. अमेरिकेच्या आयोवा वर्गातल्या बॅटलशिपचा एक चिलखतभेदी गोळा १,२२५ किलोचा, म्हणजे एका मोटारीएवढा. त्याच्यामागे रेशमी पिशव्यांत भरलेली दारू, पूर्ण पल्ल्यासाठी अशा सहा पिशव्या. गोळा जाणार ३८ किलोमीटर, आणि तिथे पोचायला जवळपास दीड मिनिट. तेवढ्या वेळात ३० नॉट (ताशी सुमारे ५५ किलोमीटर) वेगाचं जहाज सव्वा किलोमीटरच्या पुढे सरकलेलं असतं. प्रत्यक्ष लढाईत चालत्या जहाजावर लागलेल्या सर्वांत लांबच्या माऱ्यांपैकी एक ब्रिटनच्या वॉरस्पाइटचा, जुलै १९४० मधला. तोही २४ किलोमीटरच्या आसपासचाच.

विमानांचा पल्ला शेकडो किलोमीटर होता. १० डिसेंबर १९४१ ला मलायाच्या किनाऱ्याजवळ प्रिन्स ऑफ वेल्स ही बॅटलशिप आणि रिपल्स ही बॅटलक्रूझर (मोठ्या तोफांची, पण हलक्या चिलखताची) जपानी विमानांनी काही तासांत बुडवल्या. जपानची विमानं पडली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. यामातोही अशीच गेली. ७ एप्रिल १९४५ ला ओकिनावाकडे निघालेली असताना तिच्यावर साडेतीनशेहून जास्त अमेरिकी विमानं तुटून पडली. त्या विमानांना पाठवणारी जहाजं तिच्या तोफांच्या पल्ल्याच्या कितीतरी बाहेर होती.

यावरून ‘बुडवता येते म्हणून बॅटलशिप संपली’ असा निष्कर्ष काढतात, तो मला पटत नाही. बुडायचंच म्हटलं तर विनाशिका त्याहून सोपी. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीजवळ आपल्या ‘निर्घात’ने दोन क्षेपणास्त्रांत पाकिस्तानची विनाशिका खैबर बुडवली. हा विमानांचा हल्ला आहे असा खैबरचा समज झाला होता. निर्घात ही अडीचशे टनांच्या आसपासची क्षेपणास्त्र बोट. तिच्या क्षेपणास्त्राचा पल्ला साधारण ४० किलोमीटर, म्हणजे यामातोच्या तोफेएवढाच. शिवाय सोडल्यावर ते स्वतःच्या रडारने लक्ष्य शोधत जायचं. जे करायला ७२,००० टनांचं पोलाद आणि अडीच-तीन हजार माणसं लागत होती, ते आता एक बोट करत होती. बॅटलशिपचा खरा घात इथे झाला. तिचं एकमेव काम दुसऱ्यांनी स्वस्तात आणि जास्त लांबून करून दाखवलं.

विनाशिका मात्र तिच्या पहिल्या कामाला चिकटून बसली नाही. पाणबुडी आली तेव्हा तिच्यात आवाजावरून पाणबुडी हुडकणारं सोनार बसलं, विमानं आली तेव्हा विमानविरोधी तोफा आणि पुढे क्षेपणास्त्रं. जाड चिलखताचं ओझं नसल्यामुळे दर पिढीत नवं काहीतरी मावत गेलं. ब्रह्मोस, विमानविरोधी बराक क्षेपणास्त्रं आणि हेलिकॉप्टर घेऊन फिरणाऱ्या मोरमुगाववर माणसं तीनशेच्या आसपास असतात.

अमेरिकेने १९८०च्या दशकात आयोवा वर्गाच्या चारही बॅटलशिप पुन्हा बाहेर काढल्या आणि त्यांच्यावर टॉमहॉक हे लांब पल्ल्याचे क्षेपणास्त्र बसवले. १९९१च्या आखाती युद्धात मिसुरी आणि विस्कॉन्सिनने ते डागलेही. पण तेच टॉमहॉक त्याच युद्धात विनाशिका आणि पाणबुड्याही डागत होत्या. मार्च १९९२ मध्ये मिसुरी निवृत्त झाली आणि आता पर्ल हार्बरला संग्रहालय म्हणून उभी आहे. तिकीट काढून तिच्या डेकवर जाता येतं. तिथे पोरांचा हिरमोड होत नसावा.