अजिंठ्याचे फोटो लंडनला, वालूरचे वालूरला

स्वतःच्या खर्चानं फोटोंचं पुस्तक काढतोय म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘प्रकाशक कोण?’ प्रकाशक नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. पण फोटोंच्या पुस्तकाची सुरुवातच अशी घरगुती आहे. १८४३ साली इंग्लंडमध्ये ॲना ॲटकिन्स यांनी समुद्री शेवाळाचे निळे ठसे (सायनोटाइप, म्हणजे उन्हानं कागदावर उमटवलेली छायाचित्रं) स्वतः उमटवायला घेतले. मजकूरही हातानं लिहिला, त्याच निळ्या पद्धतीनं छापला आणि प्रती ओळखीच्यांना देऊन टाकल्या. छायाचित्रांचं पहिलं पुस्तक म्हणून त्याचंच नाव घेतात.

मराठवाड्याचा या गोष्टीशी संबंध फार लवकर आला. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला १८४४ साली मेजर रॉबर्ट गिल यांची नेमणूक झाली. त्यांच्या बहुतेक तैलचित्रांची १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत राख झाली. दरम्यान गिल कॅमेऱ्याकडे वळले होते. त्यांनी काढलेले लेण्यांचे फोटो आणि वास्तुकलेचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांचा मजकूर मिळून १८६४ साली लंडनमध्ये पुस्तकं निघाली. तेव्हा फोटो पानावर सहज छापता येत नसे. प्रत्येक प्रतीत खरी छायाचित्रं हातानं चिकटवावी लागत. साहजिकच प्रती थोड्या, किंमत जबर, आणि वाचक सातासमुद्रापार.

पुढे निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी वेरूळ टिपलं. १८९२ चा त्यांचा निजाम राज्याच्या दृश्यांचा अल्बम प्रसिद्ध आहे. मग हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी अजिंठ्याचे रंगीत खंड काढले. १९३० ते १९५५ या काळात चार भाग निघाले, ऑक्सफर्डच्या छापाचे, इंग्रजीत. काम अफाट मोलाचं होतं. पण अजिंठ्याच्या पायथ्याच्या गावात राहणाऱ्या माणसाच्या हातात ते कसं पडणार? मला या साऱ्या इतिहासात सलतं ते एवढंच.

अडचण छपाईच्या हिशेबात होती. ठिपक्यांच्या जाळीनं फोटो तांब्या-जस्ताच्या ब्लॉकवर उतरवता येऊ लागले, पण ब्लॉक महाग. म्हणून जुन्या मराठी पुस्तकांत फोटोंची चार-आठ गुळगुळीत पानं मध्येच कुठंतरी शिवलेली दिसतात. ऑफसेट आल्यावर छपाई सुधारली, तरी गणित तेच राहिलं. चार रंगांच्या चार प्लेटा, मशीन लावताना वाया जाणारा कागद, हा खर्च पन्नास प्रतींनाही तेवढाच आणि हजार प्रतींनाही तेवढाच. त्यामुळं प्रेसवाला हजारांवर बोलायचा, आणि छापून झाल्यावर निम्मे गठ्ठे घरात कॉटखाली.

हे गणित मोडलं १९९३ साली. इस्रायलमधल्या इंडिगो या कंपनीच्या बेनी लांडा यांनी प्लेटेशिवाय रंगीत छापणारं मशीन बाजारात आणलं. आता एक प्रतही छापता येऊ लागली. आपल्याकडे अशी मोजक्या प्रतींची रंगीत छपाई घरोघरी पोचली ती लग्नाच्या करिझ्मा अल्बममधून, म्हणजे संगणकावर पानं जुळवून छापलेल्या अल्बममधून. गावातला स्टुडिओवाला डिझाइन करून लॅबला पाठवतो आणि अल्बम ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं परत येतो, ही साखळी मराठवाड्यात रुळलेली होतीच. लग्नाऐवजी गावची बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, घातली की झालं फोटोबुक!

मी तेच केलं. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची चक्राकार बारव आणि चारठाण्याची मंदिरं यांचं शंभर पानी पुस्तक, प्रती तीस. दहा इंची चौरस पान आणि १७० जीएसएमचा (चौरस मीटरला १७० ग्रॅम) आर्ट पेपर धरला तर नुसता कागदच साडेपाचशे ग्रॅम भरतो. पुठ्ठ्याची बांधणी धरून पुस्तक किलोच्या आसपास जातं. म्हणून छपाईइतकाच पोचवण्याचा विचार करावा लागतो. रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. त्याआधी १ मे २०२५ ला टपाल खात्यानं ज्ञान पोस्ट सुरू केलं होतं: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकं त्यात चालतात, पण त्यावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं. तेव्हा स्वतः प्रकाशक असाल तर पहिल्या पानावर स्वतःचं नाव ठसठशीत घाला. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था फुकट देते.

माझं पहिलं खोकं कुरिअरनं आलं तेव्हा चार प्रतींचे कोपरे चेपलेले होते. जीव चुटपुटला. नंतरच्या प्रती मी स्वतः बांधल्या: कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या, वर बबलची गुंडाळी, खोक्यात हलायला जागाच नाही.

१९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रकाशनापासून तीस दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथं प्रती धाडाव्या लागतात. तिसातल्या चार गेल्या, पण त्या मी आनंदानं पाठवल्या. मात्र त्यांच्याही आधी एक प्रत घेऊन मी एसटीनं वालूरला गेलो होतो. बारवेच्या काठावरच ती पहिल्यांदा उघडली. शेजारच्या आजींनी पान उलटून विचारलं, “ही आमचीच का रे?”