एका अंशाचा फरक नेमका कोणाचा?

संगणकाचा प्रोसेसर पाण्याने थंड ठेवण्यासाठी त्याच्यावर तांब्याचा जो पोकळ ठोकळा बसवतात, त्याला वॉटर ब्लॉक म्हणतात. दोन ब्लॉकांची चाचणी घेताना एकाखाली ६८.४ आणि दुसऱ्याखाली ६९.३ अंश सेल्सिअस असे आकडे आले, की पहिला सरस ठरवून आपण मोकळे होतो. पण हा ०.९ अंशाचा फरक ब्लॉकचा आहे की तो बसवणाऱ्या हाताचा, हे तेवढ्यावरून सांगता येत नाही.

खरी मेख थर्मल पेस्टमध्ये, म्हणजे प्रोसेसर आणि ब्लॉक यांच्यातली बारीक फट भरणाऱ्या लेपात आहे. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर प्रति केल्विन, तर चांगल्या पेस्टची जेमतेम १०च्या आसपास. त्यामुळे एक स्क्रू इतरांआधी पुरता आवळला जाऊन ब्लॉक जरासा कलला आणि एका बाजूला पेस्टचा थर जाड राहिला, तरी तापमान अंशा-दोन अंशांनी सहज बदलते. ब्लॉक उचलून पाहावा, तर एका कडेला पेस्ट जवळजवळ पुसली गेलेली आणि समोरच्या कडेला तिचा राखाडी गिलावा, असा ठसा दिसतो. म्हणून एकच ब्लॉक काढून, पुसून, नवी पेस्ट लावून निदान पाच वेळा तरी बसवावा. पाच मापनांच्या सरासरीतली यादृच्छिक त्रुटी एकट्या मापनाच्या निम्म्याहून कमी होते. हे काम कंटाळवाणे आहे, आणि बहुधा म्हणूनच टाळले जाते.

घाईही फसवते. प्रणालीत एक लिटर पाणी असेल, तर ते एक अंश तापायला सुमारे ४,२०० जूल लागतात. ३०० वॅट उष्णतेने पाणी अखेर हवेपेक्षा १० अंश वर स्थिरावणार असेल, तर पहिल्या सव्वादोन-अडीच मिनिटांत त्यातली जेमतेम ६३ टक्के वाढ होते. स्थिर आकड्यासाठी बारा-पंधरा मिनिटे थांबावेच लागते. तेवढ्या वेळात खोली तापली तर तेही मोजणीत आले पाहिजे, म्हणून नुसते तापमान न नोंदवता पाणी निववणाऱ्या रेडिएटरच्या पंख्यात शिरणाऱ्या हवेशी असलेला फरक नोंदवावा.

प्रोसेसर किती वॅट खातो, हा आकडा सॉफ्टवेअर दाखवते खरे, पण तो बहुधा अंदाज असतो. प्रोसेसरच्या जागी विजेचा हीटर वापरल्यास व्होल्ट गुणिले अँपिअर इतका सरळ हिशेब मिळतो. तो पाण्याकडून ताडून पाहणे मात्र अवघड जाते, कारण मिनिटाला चार लिटर प्रवाहात ३०० वॅटमुळे पाणी जेमतेम १.१ अंश तापते, आणि तापमान मोजणाऱ्या ‘अ’ वर्गाच्या (अचूकतेची एक प्रमाणित श्रेणी) प्लॅटिनम संवेदकालाही ३० अंशांजवळ ०.२ अंशाची चूक माफ असते. ब्लॉकच्या दोन तोंडांवरचे दोन संवेदक विरुद्ध दिशांना चुकले, तर हिशेब ४० टक्क्यांपर्यंत बिघडू शकतो. म्हणून दोन्ही संवेदक आधी एकाच भांड्यातल्या पाण्यात बुडवून त्यांच्यातला फरक टिपून ठेवावा. प्रवाह मिनिटाला एक लिटरवर आणला की वाढ ४.३ अंश होऊन ताळा सोपा होतो, पण तेव्हा ब्लॉकची कामगिरीही बदललेली असते. तो आकडा ताळ्यापुरताच.