फिओक्रोमोसायटोमा: दहा टक्क्यांच्या नियमाचे काय झाले?

फिओक्रोमोसायटोमा ही मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींच्या आतल्या भागातली, ॲड्रिनलिनसारखी संप्रेरके बनवणारी गाठ. तिचे नाव निघाले की वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी एकच नियम घोकला. दहा टक्के गाठी दोन्ही बाजूंना, दहा टक्के अधिवृक्क ग्रंथीबाहेर, दहा टक्के कर्करोगाच्या आणि दहा टक्के आनुवंशिक. परीक्षेत झटकन लिहिता येतो, तोंडी परीक्षेत हमखास विचारला जातो, म्हणून तो टिकला. यातला शेवटचा आकडा आता साफ कोसळला आहे. अधिवृक्क ग्रंथीतली फिओक्रोमोसायटोमा आणि ग्रंथीबाहेरची तिची बहीण पॅरागँग्लिओमा एकत्र मोजल्या, तर ३० ते ४० टक्के रुग्णांत जन्मतःच आलेला जनुकीय बदल सापडतो. गाठींच्या आजारांत आनुवंशिकतेचा एवढा मोठा वाटा क्वचितच दिसतो.

खरे तर पहिल्याच रुग्णात ही खूण होती. १८८६ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरात १८ वर्षांची एक मुलगी दगावली. तिला धडधड, डोकेदुखी आणि घाबरेपणाचे झटके येत, चेहरा पांढराफटक पडे. शवविच्छेदनात दोन्ही अधिवृक्क ग्रंथींत गाठी निघाल्या. तब्बल १२१ वर्षांनी, २००७ मध्ये, तिच्या कुटुंबाचा माग काढून हयात नातेवाइकांची तपासणी झाली, तेव्हा चौघांत आरईटी जनुकातला बदल मिळाला. अठरा वर्षांचे वय आणि दोन्हीकडे गाठी, एवढ्यावरच आज कुणीही जनुकीय तपासणी लिहून देईल.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात. १९१२ मध्ये आजचे नाव रुळू लागले, १९२६ मध्ये गाठ यशस्वीपणे काढली गेली, १९६१ मध्ये थायरॉइडच्या कर्करोगाशी तिचे नाते लक्षात आले. १९९० ते १९९३ या काळात एनएफ१, व्हीएचएल आणि आरईटी ही तीन जनुके हाती लागली. या जनुकांमुळे होणारे तिन्ही आजार बाहेरून ओळखता येण्याजोगे होते: त्वचेवरचे डाग, डोळ्यांतल्या किंवा मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या गाठी, थायरॉइडचा कर्करोग. त्यामुळे आनुवंशिक रुग्ण दिसायलाच वेगळा असतो, ही समजूत आणखी घट्ट झाली.

ती मोडली २००० मध्ये. मानेतल्या पॅरागँग्लिओमाच्या कुटुंबांत एसडीएचडी जनुकातला बदल सापडला आणि लगेच पुढच्या वर्षी एसडीएचबी. ही जनुके पेशीच्या ऊर्जाकेंद्रातले, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातले, एक एन्झाइम घडवतात. ते बिघडले की सक्सिनेट हे रसायन साचते आणि प्राणवायू पुरेसा असूनही पेशी तो कमी पडल्यासारखी वागू लागते. पेरूच्या अँडीज पर्वतात उंचावर राहणाऱ्या लोकांत मानेतल्या अशा गाठी जास्त आढळतात, ही नोंद १९७०च्या दशकातच झाली होती. तिचा अर्थ या शोधानंतर उलगडू लागला.

याहून महत्त्वाचे म्हणजे हा वारसा लपून राहतो. एसडीएचडीतला बदल वडिलांकडून आला तर गाठ होण्याची शक्यता मोठी, आईकडून आला तर सहसा होत नाही. आजीकडून तिच्या मुलाकडे आलेला बदल त्या मुलाला काहीच करत नाही, त्या मुलाच्या मुलांत मात्र गाठ उगवते. मधली पिढी ठणठणीत. एसडीएचबीत बदल असलेल्या कित्येकांना तर जन्मभर गाठ होतच नाही. ‘घरात आणखी कुणाला असा त्रास?’ या ओपीडीतल्या प्रश्नाला रुग्ण प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो आणि केसपेपरवर आनुवंशिकतेचा रकाना तिथेच बंद होतो. दहा टक्के हा आकडा बराचसा या प्रश्नातूनच आला होता.

२००२ मध्ये जर्मनी आणि पोलंडमधल्या नोंदींवर आधारलेला अभ्यास आला. त्यात घराण्यात इतिहास नसलेले आणि बाहेरून कुठलीच लक्षणे नसलेले २७१ रुग्ण तपासले होते. ६६ जणांत, म्हणजे २४ टक्क्यांत, जनुकीय बदल मिळाला. त्यातल्या फक्त २१ जणांना एकाहून अधिक गाठी होत्या आणि २३ जणांना तर तिशी उलटल्यावर त्रास सुरू झाला होता. अनेक गाठी किंवा कोवळे वय या खुणांवर विसंबले असते, तर यातले बरेच जण निसटले असते.

मग तपासायचे कुणाला, यावर वाद पेटला आणि तो बारा वर्षे चालला. एक पक्ष म्हणे, सगळ्यांना तपासा. दुसरा म्हणे, गाळणी लावा: वय पन्नाशीच्या आत, एकाहून अधिक गाठी, ग्रंथीबाहेरची गाठ. दुसऱ्या पक्षाची अडचण खरी होती. तेव्हा एकेक जनुक वेगळे वाचावे लागे आणि प्रत्येकाचे बिल वेगळे. मग क्रम ठरवण्याच्या युक्त्या निघाल्या. ॲड्रिनलिन जास्त असेल तर आधी आरईटी बघा, नुसते नॉरॲड्रिनलिन वाढले असेल तर व्हीएचएल, गाठ पसरली असेल तर एसडीएचबी. हे तर्कशुद्ध होते, पण त्याचा पाया पैसे वाचवण्याचा होता. चुकीची किंमत त्या हिशेबात पुरेशी धरलीच नाही. एसडीएचबीची गाठ इतरांपेक्षा जास्त वेळा पसरते. आरईटीचा बदल वेळेत कळला तर मुलाचे थायरॉइड कर्करोग होण्याआधीच काढता येते. एक निसटलेला रुग्ण म्हणजे पुष्कळदा निसटलेली भावंडे आणि मुले.

२०१४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी मध्यम मार्ग काढला: प्रत्येक रुग्णाशी जनुकीय तपासणीबद्दल बोलावे आणि निर्णय दोघांनी मिळून घ्यावा. वाचायला समंजस वाटते, पण गर्दीच्या ओपीडीत ‘बोलावे’ याचा अर्थ बऱ्याचदा ‘राहून गेले’ असा होतो. पुढे सगळी जनुके एकाच वेळी वाचणारी पॅनेल तपासणी स्वस्त झाली आणि गाळणीच्या बाजूचा मुख्य युक्तिवादच पातळ झाला. तीन वर्षांनी, २०१७ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या गाठींच्या वर्गीकरणाने साधी गाठ आणि कर्करोगाची गाठ हा भेदही सोडला. प्रत्येक गाठ पसरू शकते असे धरायचे ठरले. नियमातला तिसरा दहा टक्काही असा गेला.

आपल्याकडचा पुरावा याहून वेगळे सांगत नाही. मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाने २०१६ मध्ये १५० भारतीय रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे एक तृतीयांश जणांत जन्मजात बदल होता आणि त्यात व्हीएचएल सर्वांत पुढे होते.

अधिवृक्क ग्रंथीच्या बाहेरच्या थरातल्या गाठींची गोष्ट निराळी. अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक बनवणाऱ्या गाठींत केसीएनजे५ (२०११ मध्ये सापडलेला) आणि कॉर्टिसोल हे संप्रेरक बनवणाऱ्या गाठींत पीआरकेएसीए (२०१४) या जनुकांतले बदल बहुतांशी गाठीतच घडतात, ते मुलांकडे जात नाहीत. घराण्यात चालणारे प्रकार तिथेही आहेत, पण दुर्मीळ. म्हणून ‘अधिवृक्क गाठ आनुवंशिक असते का?’ याचे एकच उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

फिओक्रोमोसायटोमाच्या बाजूला आता उपचारही याच शोधांच्या वाटेने येऊ लागले आहेत. प्राणवायूच्या खोट्या टंचाईचा संदेश पुढे नेणाऱ्या एचआयएफ-२ या प्रथिनाला अडवणारे बेल्झुटिफान हे औषध अमेरिकेत मे २०२५ मध्ये शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या किंवा पसरलेल्या गाठींसाठी मंजूर झाले. वयाची अट १२ वर्षे आणि पुढे.