दार कधी उघडलं? फ्लाइट लेटच्या भरपाईमागचा इतिहास

आमची ताई मागच्या वर्षी फ्रँकफर्टहून मुंबईला आली, रात्री १.१० ची वेळ होती, चाकं टेकली ४.०२ ला. भावजी विमानतळावर टी-टू टर्मिनलच्या बाहेर ताटकळत उभे. क्लेम टाकला तर एअरलाइन म्हणते २ तास ५२ मिनिटंच उशीर, तीन तास भरले नाहीत, पैसे नाहीत.

हे तीन तास आले कुठून? युरोपचा नियम २६१, फेब्रुवारी २००५ पासून लागू. त्यात रोख भरपाई होती ती फ्लाइट कॅन्सल झाली किंवा चढूच दिलं नाही तर, लेट झालं तर फक्त खाणंपिणं आणि गरज पडली तर हॉटेल. म्हणजे कॅन्सल न करता कितीही ताटकळत ठेवा. नोव्हेंबर २००९ मध्ये युरोपियन कोर्टाने सांगितलं की तीन तास किंवा जास्त उशिरा पोचवलं तर तेही भरपाईला पात्र. मग पोचलं म्हणजे काय यावर भांडण, ते २०१४ मध्ये मिटलं: विमानाचं निदान एक दार उघडून माणसांना उतरायला मिळतं ती वेळ धरायची.

ताईचा भावजींना व्हॉट्सअ‍ॅप होता, "दार उघडलं, उतरतेय", ४.१६. तीन तास सहा मिनिटं! ३,५०० किमीच्या वर ६०० युरो असतात पण चार तासांच्या आत असेल तर निम्मे करता येतात, तसे ३०० मिळाले, तिसऱ्या मेलनंतर. मुंबईहून तिकडे जाताना मात्र एअरलाइन युरोपची असेल तरच हा नियम लागतो, हे लक्षात ठेवा.

आपल्याकडे डीजीसीएचा (विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) नियम ऑगस्ट २०१० चा, २०१६ मध्ये रकमा वाढल्या, चढू दिलं नाही तर २०,००० रुपयांपर्यंत, ऐनवेळी कॅन्सल केलं तर जास्तीत जास्त १०,०००. नुसतं लेट झालं तर जेवण, हॉटेल, रोख काही नाही, आणि हे मला खरंच खटकतं, कारण रात्रभर बाकड्यावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला सँडविच देऊन काय भरून निघतं?

त्यासाठी मग ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यापासून आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, उपनगरवाल्यांना वांद्र्याला, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षं. बोर्डिंग पास आणि असले साधे मेसेज तोवर डिलीट करू नका.