रिसेप्शनिस्टलाही बालसंरक्षणाचं प्रशिक्षण कशाला?

ब्रिटनमधल्या दाताच्या दवाखान्यात डॉक्टरांबरोबर रिसेप्शनिस्टनेही बालसंरक्षणाचं प्रशिक्षण घ्यावं अशी अपेक्षा असते. फोन घेणाऱ्या, अपॉइंटमेंट देणाऱ्या माणसाचा याच्याशी काय संबंध? त्यासाठी जरा मागे जावं लागतं.

घरातलीच माणसं लेकरांना मारतात, हे मानायला वैद्यकशास्त्राने फार वेळ घेतला. 1946 मध्ये अमेरिकी रेडिओलॉजिस्ट जॉन कॅफी यांनी काही तान्ह्या मुलांमध्ये डोक्यातला रक्तस्राव आणि मोडलेली हाडं एकत्र आढळल्याचं नोंदवलं, पण कारणाबद्दल ते जपूनच बोलले. 1962 मध्ये अमेरिकी बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी त्याला ‘बॅटर्ड चाइल्ड सिंड्रोम’, म्हणजे मारहाण झालेल्या मुलाची लक्षणं, असं रोखठोक नाव दिलं. डॉक्टर जागे झाले. दातांचे डॉक्टर मात्र बराच काळ किडीतच गुंतलेले राहिले.

खरं तर दिसतं त्यांनाच जास्त. शारीरिक छळ झालेल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या जखमा डोकं, चेहरा किंवा मानेवर असतात. वरच्या ओठाला हिरडीशी जोडणारा पातळ पडदाच घ्या. नुकतं चालायला लागलेलं मूल तोंडावर आपटलं की तो फाटू शकतो. पण अजून पालथंही न पडणाऱ्या बाळाचा तो फाटलेला दिसला, तर प्रश्न विचारावेच लागतात.

ब्रिटनमध्ये चक्रं फिरली ती व्हिक्टोरिया क्लिम्बी या आठ वर्षांच्या मुलीच्या छळामुळे झालेल्या मृत्यूनंतर. ती 2000 मध्ये गेली. लॉर्ड लॅमिंग यांच्या 2003 च्या चौकशी अहवालात दिसलं, की रुग्णालयं, पोलीस, समाजसेवा खातं सगळ्यांशी तिचा संबंध आला होता आणि तिला वाचवण्याच्या संधी एकामागून एक हुकल्या होत्या. 2004 मध्ये नवा बालकायदा आला. 2006 मध्ये दंतवैद्यकातल्या सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी खास मार्गदर्शिका निघाली, आणि त्याच वर्षी आरोग्य व्यावसायिकांच्या संस्थांनी मिळून प्रशिक्षणाच्या पायऱ्या ठरवणारा दस्तऐवज काढला. त्याच्या 2019 च्या आवृत्तीप्रमाणे रिसेप्शनिस्टसाठी लेव्हल 1, म्हणजे तीन वर्षांत किमान 2 तास. दंतवैद्य, हायजिनिस्ट (दात-हिरड्यांची सफाई करणारे), डेंटल नर्स यांच्यासाठी लेव्हल 2, किमान 4 तास. बालदंततज्ज्ञांची पायरी त्याच्याही वरची. ऑनलाइन मॉड्यूल सोयीचं पडतं, पण संशय आल्यावर आईबापांशी बोलायचं कसं, हे स्क्रीनसमोर एकट्याने बसून कितपत जमेल याची मला शंकाच आहे.

दरम्यान लक्ष मारहाणीवरून हेळसांडीकडेही वळलं. मूल आलं नाही की पूर्वी नोंद व्हायची, ‘गैरहजर’. पण सहा वर्षांचं पोर एकटं येणार कसं? म्हणून ‘आणलं नाही’ असं लिहा, हा आग्रह वाढला. दाढ सुजलेलं मूल तिसऱ्यांदा आणलं गेलेलं नाही, हे सगळ्यात आधी रिसेप्शनिस्टच्याच स्क्रीनवर उमटतं.